अर्जावर पालकांची सही नाही

माझे वडील आमच्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. वाक्य लिहायला सोपं आहे, त्यात राहायला मुळीच सोपं नव्हतं. विश्रांतवाडीत आमच्या दोन खोल्या, तिथून आळंदी रस्त्यानं येरवड्याकडे पंधरा मिनिटं चाललं की शाळा, आणि या दोन्हींच्या मधे एका वळणावर कडुलिंबाचं झाड. त्या झाडाच्या अलीकडे ते बाबा आणि पलीकडे सर. हा कायदा त्यांनीच केलेला होता आणि मोडायची सवलत त्यांनी स्वतःलाही दिलेली नव्हती. सकाळी ते सायकलवरून निघत आणि मी दप्तर सावरत चालत निघे, कारण मुख्याध्यापकांच्या कॅरिअरवर विद्यार्थिनी बसली तर बाकीच्या सहाशे मुलांना कुठे बसवायचं, असा त्यांचा प्रश्न होता. क्वचित आम्ही एकाच वेळी परतलो, तर ते माझ्या मागून हळूहळू सायकल चालवत येत, पण बोलत नसत. कडुलिंब आला की घंटी वाजवून म्हणत, "बस गं मागे, दमली असशील." आणि मग मी उरलेली शंभर पावलं थाटात सायकलवरून घरी येई. आज त्या वळणावर मोबाईलचं दुकान आहे. झाड रस्तारुंदीकरणात गेलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता ते नेमके कुठे घंटी वाजवत असतील.

पेनंही दोन होती. घरी फळीवर, रेडिओच्या शेजारी, निळ्या शाईचं पेन असे. त्यानं ते बाबा म्हणून सह्या करत: माझ्या प्रगतिपुस्तकावर, गावाकडच्या पत्रांवर, रेशनच्या अर्जावर. शाळेत खिशाला लाल शाईचं. निळं पेन कधी शाळेत गेलं नाही आणि लाल कधी घरात उघडलं नाही. याचा प्रत्यय मला सातवीत आला. एका सकाळी मी पोट धरून बसले आणि रजेचा अर्ज लिहिला. बाबांनी काळजीच्या चेहऱ्यानं वाचला, 'पालक' या शब्दाच्या वर निळ्या शाईत सही केली, वर ओवा खा म्हणून सांगितलं. शेजारच्या मुलीबरोबर मी तो शाळेत पाठवला. दुपारी तो परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'काल विद्यार्थिनीने चार भाकरी व पातेल्यातील उरलेला रस्सा खाल्ल्याचे खात्रीलायकरीत्या समजते. नामंजूर.' संध्याकाळी मी त्यांना जाब विचारला तर त्यांनी तो कागद हातात धरून नीट वाचला आणि म्हणाले, "फारच कडक दिसतात तुमचे मुख्याध्यापक. मी तर सही केली होती बुवा."

आईला हा सगळा प्रकार येडेपणाचा वाटे. आई भंडाऱ्याकडची. बाबाही तिकडचेच, पण त्यांनी पुण्यात नोकरीला लागताना आपली बोली स्टेशनावरच ठेवून दिली होती. शिक्षकांच्या खोलीत कुणी कुणी त्यांच्या 'ण' आणि 'ळ'कडे कान लावून बसत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचा 'ण' असा खणखणीत पडे की पेठेतल्या माणसानं वळून पाहावं. आईनं मात्र काहीही ठेवून दिलं नाही. भाजीवाल्याकडे ती ठणकावून सांबार मागे, आणि तो बिचारा सांगे, की बाई, सांबार हॉटेलात मिळतं, ही कोथिंबीर आहे. ती बटाट्याला आलू म्हणे आणि स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणे. शेजारच्या बायका त्यावर पदराआड हसत. बाबांनी लग्नानंतर पहिली दोन वर्षं 'येतो नाही, येते' अशी दुरुस्ती करून पाहिली. आई म्हणाली, "येतो म्हटलं काय अन् येते म्हटलं काय, चहा तर मीच मांडतो ना?" त्यानंतर तो विषय बंद झाला. आई आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि अजून 'येतो'च म्हणते. सोसायटीतल्या आयटीवाल्या मुलींना ते फार आवडतं.

बाबांचं शाळेवर किती प्रेम होतं हे लोक मला अजून भेटून सांगतात, आणि मी मान डोलावते, कारण त्या प्रेमाची झळ कुणाला बसत होती हे सांगायची ती वेळ नसते. त्यांचा एक नेम होता. कुठलाही विद्यार्थी सलग तीन दिवस गैरहजर राहिला की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापक त्याच्या घरी हजर. लक्ष्मीनगर, कळस, धानोरी, तुरुंगाच्या मागच्या वस्त्या, सगळीकडे त्यांची सायकल जाई. कुणाला कामाला लावलेलं असे, कुणी लग्नाला गेलेला असे, कुणाची चप्पल तुटलेली असे आणि ते सांगायची लाज वाटत असे. बाबा दारात उभे राहत, विचारत, "कुमार अमुक इथेच राहतो का?" आणि आत जाऊन बसत. ते मुलाला रागवत नसत. चहा पीत, गप्पा मारत, मुलाच्या आजीच्या गुडघ्याची चौकशी करत, आणि निघताना म्हणत, "उद्या येतोय ना मग?" मुलगा दुसऱ्या दिवशी येई. न येऊन करतो काय, सर पुन्हा चहाला येतील ही धास्ती.

सहाशे मुलांच्या शाळेत रोज कुणी ना कुणी तिसऱ्या दिवसाला पोचलेलं असेच. त्यामुळे बाबा घरी येईपर्यंत आमच्या पाटवडीच्या रश्श्यावर तर्रीचा जाड थर साचलेला असे आणि आईच्या कपाळावर आठ्यांचा. आल्यावर ते पाटावर बसत, अर्धी भाकरी मोडत आणि म्हणत, "जेवण नको गं फारसं, सहा घरी चहा झालाय." मग दोन वाक्यं आईशी, एक माझ्याशी, तेही 'अभ्यास झाला का' एवढंच, आणि बसल्या जागी डुलक्या. आमच्या घरात मी एकुलती एक. तरी मला वाटे, की मला सहाशे भावंडं आहेत आणि त्यांत माझा नंबर शेवटचा आहे, कारण मी कधी गैरहजर नसते.

नववीत हे प्रकरण पेटलं ते मंगलमुळे. मंगल माझ्या बाकावर बसे. ती तीन दिवस आली नाही, चौथ्या दिवशी आली आणि मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, "काल सर आले होते आमच्या घरी. बाप रे, काय हसवतात गं! माझ्या आजीची नक्कल करून दाखवली, तिच्याच समोर. आजी म्हणाली, राहा आता जेवायला. तुमच्याकडे तर रोज धमाल असेल ना?" मी म्हटलं, "हो तर, असतेच." बाबा नकला करतात हे मला मंगलकडून कळावं! मी चौदा वर्षं त्यांच्याबरोबर राहत होते आणि मला त्यांनी कुणाचीही नक्कल करून दाखवलेली नव्हती. मला इतका राग आला की मी मंगलच्या डब्यातलं लोणचं सगळं संपवलं.

त्या दुपारी भूमितीचा तास चालू असताना मला युक्ती सुचली, आणि ती भूमितीच्या प्रमेयासारखीच बिनतोड होती. जो तीन दिवस गैरहजर राहतो त्याच्या घरी सर जातात. मी तीन दिवस गैरहजर राहिले तर सर माझ्या घरी येतील. सोमवारी सकाळी मी डोकं दुखतं म्हणून अंथरुणातच राहिले. बाबांनी कपाळाला हात लावला, "आज झोप," म्हणाले आणि गेले. मंगळवारी पुन्हा डोकं. बाबा गेल्यावर आई चुलीपासून उठून माझ्याजवळ येऊन बसली. "काहून गं पोट्टे, खरं सांग. डोस्कं दुखते का दुखवून घेतलं?" मी खरं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते मी योजलेलं नव्हतं. आई परात पुढे ओढून पीठ मळायला लागली. बराच वेळ मळून झाल्यावर म्हणाली, "मंग उद्याही नको जाऊ. तिसरा दिवस भरला पायजे."

आता गंमत अशी की बाबांचा घरात शाळेचा विषय काढायचा नाही हा स्वतःचाच कायदा होता. मंगळवारी जेवताना त्यांना दिसत होतं की मी तिसरी भाकरी घेते आहे, पण बाबा म्हणून ते एवढंच विचारू शकत होते, की डोकं कसं आहे. मी म्हटलं, ठणकतंय. ते म्हणाले, "हं." त्या 'हं'मध्ये मुख्याध्यापक किती आणि वडील किती हे मला कळेना.

बुधवारी संध्याकाळी आईनं खोली झाडली, खाटेवर धुतलेली चादर घातली आणि पाहुण्यांची कपबशी काढली. ती निळ्या फुलांची कपबशी आमच्या घरात फक्त बाहेरच्यांसाठी असे, बाबांना स्टीलचा पेला. मी विचारलं, "आई, ते येतील का गं?" आई म्हणाली, "न येऊन जाते कुठं? नेम म्हणजे नेम." आणि बरोबर साडेपाचला आमच्या दाराबाहेर सायकलचा स्टँड पडल्याचा आवाज झाला. दार सताड उघडं होतं. तरी कडी वाजली. बाहेरून खणखणीत आवाज आला, "कुमारी सुजाता इथेच राहते का?"

शेजारच्या काकू गॅलरीत कपडे काढत होत्या, त्यांचे हात तिथेच थांबले. आई पदर डोक्यावर घेऊन दाराशी गेली. मी आजपर्यंत तिला बाबांसमोर डोक्यावर पदर घेताना पाहिलं नव्हतं.

"हाव, इथंच रायते. तुम्ही कोन?"

"मी तिच्या शाळेचा मुख्याध्यापक. तीन दिवस विद्यार्थिनी शाळेत आलेली नाही. पालक आहेत का घरात?"

"पालक नाई बा घरी," आई म्हणाली. "पालक शाळेतच असतेत."

बाबा चपला दाराबाहेर काढून, जन्मात पहिल्यांदाच आल्यासारखे इकडेतिकडे बघत आत आले आणि खाटेच्या कडेला अवघडून बसले. "कधी येतात ते?"

"त्याचा काही नेम नाई. या पोरीलेच इचारा. तुम्ही बस्सा, मी चहा मांडतो."

मी कोपऱ्यात उभी होते. बाबांनी मला समोर बोलावलं आणि विचारलं, "काय गं, काय होतंय?" मी म्हटलं, "डोकं दुखतं, सर." घरात त्यांना सर म्हणायची ती पहिलीच वेळ. "वडिलांना दाखवलंस का?" मी म्हटलं, "वडील भेटत नाहीत, सर. ते दुसऱ्यांच्या घरी जातात." आतून स्टोव्हचा आवाज एकदम कमी झाला. आई ऐकत होती. बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली, लाल पेन काढलं, टोपण काढायला गेले आणि घरात आहोत हे आठवल्यासारखे थबकून ते पुन्हा खिशाला लावलं. मग विचारलं, "तुमच्याकडे कुणाची आजी नाही वाटतं?" मी म्हटलं नाही. "मग मी नक्कल कुणाची करू?" ते म्हणाले.

आणि त्यांनी आमच्या शाळेच्या कारकुनाची, भाऊसाहेबांची नक्कल केली. चष्मा नाकाच्या टोकावर, मान वहीत, "आपलं काय काम? रांगेत उभ्या राहा." मी खाली बसून हसले. मग त्यांनी भाजीवाल्याची केली, आईला कोथिंबीर आणि सांबारातला फरक समजावणाऱ्या. ती करताना आपोआप मधे आईचीही झाली, आणि ती अस्सल भंडाऱ्याच्या बोलीत, स्टेशनावर ठेवून आलेली बोली जशीच्या तशी. आई कपबशी आणि पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. हे वाचून दाखवलं तेव्हा आई आत्ता स्वयंपाकघरातून म्हणाली, की पोहे नव्हते, उपमा होता. पोहेच होते. मला शेंगदाणे आठवतात.

निघताना बाबांनी चपला घातल्या आणि आईला म्हणाले, "पालकांना सांगा, एकदा शाळेत येऊन भेटून जा म्हणावं. आणि मुलीनं तीन दिवसांचा रजेचा अर्ज द्यावा." सायकलवर बसून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. दहा मिनिटांनी पुन्हा सायकलचा आवाज आला. या वेळी कडी वाजली नाही. बाबा आत आले, टोपी खुंटीला अडकवली, पाय धुतले आणि स्टीलचा पेला शोधत आईला विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"हाव," आई म्हणाली. "शाळेचे मास्तर आलते. भला मानूस हाये. तुमची लई चौकशी केली. भेटायले बोलावलंय तुमाले."

"अस्सं," बाबा म्हणाले. "जाईन उद्या."

आम्ही तिघं त्या दिवशी एकत्र जेवलो. रस्सा गरम होता.

गुरुवारी मी शाळेत गेले आणि अर्ज लिहायला घेतला. पण तो लिहिताना माझ्यातला वात्रटपणा उसळून आला. मी फुलस्केप कागदावर, समास आखून, असं लिहिलं: 'मा. मुख्याध्यापक यांस. विषय: तीन दिवसांची रजा मंजूर होण्याबाबत. महोदय, माझे वडील संध्याकाळी घरी नसतात. ते गैरहजर मुलांच्या घरी जातात असे समजते. मी गैरहजर राहिल्यास माझ्याही घरी ते येतील, असे वाटल्यावरून मी तीन दिवस गैरहजर राहिले. भेट झाली. तरी रजा मंजूर व्हावी. तसेच माझ्या वडिलांना आठवड्यातून एक संध्याकाळ घरी सोडण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.' खाली 'पालक' लिहून वर जागा सोडली. पण ज्यांच्याबद्दल तक्रार त्यांचीच सही कशी मागणार? तशीच रिकामी ठेवली.

अर्ज द्यायचा तो कार्यालयाच्या खिडकीत, भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब सदाशिव पेठेतले. रोज सायकलवरून नदी ओलांडून येत आणि आपण पुण्याबाहेर नोकरी करतो असं सांगत. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. खिडकीसमोर मी एकटीच होते, तरी ते म्हणाले, "रांगेत उभ्या राहा." मी एकटीची रांग करून उभी राहिले. त्यांनी अर्ज घेतला, वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "हे कार्यालय आहे," ते म्हणाले, "तमाशाचा फड नव्हे." मी म्हटलं, "सरांनीच द्यायला सांगितलाय." त्यांनी आवक नोंदवही ओढली, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि अर्ज सरांच्या फायलीत ठेवला. "निर्णय झाला की कळवलं जाईल. या आता."

शुक्रवारी बाबा दिवस मावळायच्या आत घरी आले. शाळेत कुणी तिसऱ्या दिवसाला पोचलं नसेल असं मी धरलं. त्यांनी फळीवरचं निळं पेन काढलं, उघडलं, दौतीतून काळजीपूर्वक शाई भरली, निब पुसली, वर्तमानपत्राच्या कडेला दोनदा सही करून पाहिली. मग पेन हातात घेऊन खाटेवर बसून राहिले. "दप्तरात माझ्यासाठी काही राहिलंय का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." "बघ बरं नीट." मी दप्तर न उघडताच म्हटलं, "नाही म्हटलं ना." "बरं," ते म्हणाले आणि पेन फळीवर ठेवलं. अर्ज अजून भाऊसाहेबांकडे होता. बाबांना वाटत होतं तो माझ्यापर्यंत परत आलेला आहे, आणि मला ठाऊकच नव्हतं की तो परत येणार आहे.

शनिवारी सकाळची शाळा. पहिला तास आम्हाला गणिताचा, सरांचाच. आता त्यांची एक सवय सांगायला हवी. वर्गात फार गडबड झाली की ते ओरडत नसत. खुर्चीत बसत आणि डोळे मिटत. मग जो कुणी बोले त्याचं नाव डोळे न उघडता घेत, आणि नाव कधी चुकत नसे. त्यामुळे सरांनी डोळे मिटले की अख्खा वर्ग तोंडात मूग धरून बसे. त्या शनिवारी फळ्यावर उदाहरण अर्ध्यात असताना ते खुर्चीत बसले, "सोडवा पुढे," म्हणाले आणि डोळे मिटले. मागच्या बाकांवर कुजबुज चालली होती, ती तत्काळ थांबली. आम्ही त्रेपन्न जणांनी माना खाली घातल्या. इतका शांत वर्ग त्या शाळेत कधी बसला नसेल. मी उदाहरण सोडवलं, दोनदा तपासलं, आणि ठरवलं की आज काही झालं तरी माझं नाव त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं नाही. खडू त्यांच्या हातातून घरंगळून माझ्या बाकापर्यंत आला, तरी मी तो उचलला नाही. हीसुद्धा युक्तीच असणार, असं मला वाटलं. तास संपल्याची घंटा झाली. सरांनी डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, डोळे मिटले त्याच क्षणी गेले, तुम्ही ओरडला असता तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. मी ते मानलं, पण मला ते पुरलं नाही. मी आयुष्यात एकदाच शहाण्यासारखी वागले, आणि ती वेळ चुकीची निवडली. आईनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. अंत्ययात्रेला कळसपासून लक्ष्मीनगरपर्यंतची माणसं आली होती, ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यांनी चहा घेतला होता ती सगळी. मंगलची आजी काठी टेकत आली आणि आईला धरून बसली. मी त्या गर्दीकडे बघत होते आणि मला एकच गोष्ट छळत होती: त्यांनी माझा अर्ज वाचला का? वाचला असेल तर त्यांना काय वाटलं? शाळेसाठी हाडं झिजवणाऱ्या माणसानं शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या मुलीची तक्रार वाचली, आणि तीही शिक्का मारलेली. तो कागद परत मिळावा आणि चुलीत घालावा, एवढंच मला हवं होतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि मी शाळेत गेले. मुलं माझ्याशी हळू आवाजात बोलत होती, ते मला सहन होत नव्हतं. मधल्या सुट्टीत कार्यालयाची खिडकी उघडली आणि भाऊसाहेबांनी मला बोटानं बोलावलं. मला वाटलं, आता हेही डोक्यावरून हात फिरवणार. ते म्हणाले, "तुमचा अर्ज त्रुटीत निघालाय. त्या शुक्रवारीच द्यायचा होता, राहिला." आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

माझ्या अक्षराखाली लाल शाईत, त्यांच्या त्या खणखणीत वळणाच्या अक्षरात शेरा होता: 'कारण समाधानकारक. विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात येत आहे. तथापि अर्जावर पालकांची सही नाही. पालक शुक्रवारी सायंकाळी घरी उपलब्ध राहतील. सही घेऊन सादर करावा.'

मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. भाऊसाहेब वहीत मान घालून काहीतरी लिहीत होते, पण त्यांच्या टाकात शाई नव्हती.

घरी येऊन मी आईला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. आई चौथीपर्यंत शिकलेली, लाल अक्षर तिला सरळ लागायचं नाही. 'पालक शुक्रवारी घरी उपलब्ध राहतील' हे तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हनून आलते का ते लवकर? पेन धरून बसले होते बापा, मले वाटलं गावाले पत्र लिवतेत." ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, फळीवरचं निळं पेन काढलं. त्या घरात तोवर 'पालक' या शब्दावर तिनं कधी सही केलेली नव्हती, आणि तसं तिला कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "आई, राहू दे. कुणाला द्यायचाय आता?"

"काहून राहू दे? तुया बापानं सही मागितली ना? मी करतो." तिनं कागद पाटावर ठेवला आणि एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट. पेन पहिल्याच रेघेला चाललं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीसमोर उभी राहिले. मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं, तरी रांगेत उभी राहिल्यासारखी राहिले. भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, निळ्या सहीवर बोट ठेवलं.

"पालकांची?"

"हो. आईची."

"चालेल." त्यांनी नोंदवही ओढली, नवा क्रमांक घातला, शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला, मारला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "ठेवून जा. सर आले की पुढ्यात ठेवतो."

बोलून झालं आणि त्यांचा हात शिक्क्यावर तसाच राहिला. लोकांच्या चुका काढण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता त्या भाऊसाहेबांनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही, आणि मलाही ते दुरुस्त करून नको होतं.

"मग मी कधी येऊ विचारायला?" मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि मान वहीत घातली.

"कळवलं जाईल," ते म्हणाले.